बॉनेटखालच्या तारा: आधी शिस्त, मग आडोसा

बॉनेट उघडल्यावर इंजिनाच्या आधी तारांचे जंजाळ डोळ्यांत भरत असेल, तर त्या गाडीवर आजवर अनेकांनी घाईघाईत काम केले आहे, असे समजायला हरकत नाही. आमच्या घरची कार्ब्युरेटरची मारुती ८०० अशीच होती. या गाडीत मुळात तारा मोजक्याच असतात, कारण तिच्या पिढीत इंजिनावर देखरेख करणारा संगणक नाही. सेल्फ, अल्टरनेटर, इग्निशन कॉइल, रेडिएटरचा पंखा, हॉर्न, पुढचे दिवे, वायपरची मोटर, तापमान आणि ऑइल प्रेशर कळवणारे स्विच, गिअरबॉक्सवरचा रिव्हर्स लाइटचा स्विच आणि कार्ब्युरेटरवरचा सोलेनॉइड, एवढ्यावर यादी जवळजवळ संपते. पुढे मात्र कोणी मोठ्या आवाजाचा हॉर्न लावला, कोणी धुक्याचे दिवे बसवले, कोणी अलार्म जोडला, आणि प्रत्येक वेळी नवी तार जवळच्या मार्गाने ओढून, जुन्या तारेचे आवरण सोलून, तिच्यावर पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळण्यात आली. नंतर हॉर्न बदलला, अलार्म बंद पडला, पण त्यांच्या तारा तशाच राहिल्या.

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत कंट्रोल पॅनेल, म्हणजे यंत्रे चालवणारी विजेची कपाटे, बनवण्याच्या कामात बरीच वर्षे काढली आहेत. सातपूर आणि अंबड या दोन वसाहतींमुळे नाशिकमध्ये एकीकडे महिंद्रा आणि बॉश यांच्यासारखे वाहन उद्योगातले मोठे कारखाने आहेत, तर दुसरीकडे स्विचगिअर आणि पॅनेल तयार करणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची रांग आहे. त्यामुळे चांगल्या प्रतीच्या तारा, लग (तारेच्या टोकाला लावायचे धातूचे टर्मिनल), स्लीव्ह (तारेवर चढवायची नळी), क्रिम्पिंगची म्हणजे लग दाबून तारेवर बसवण्याची पक्कड या वस्तू इथे सहज मिळतात आणि तारा ओळीत बसवण्याची नजर असलेली माणसेही भेटतात. ही नजर गाडीला लावावी, हे बरेच दिवस मनात होते. या उन्हाळ्यात ते काम हाती घेतले आणि पावसाआधी पूर्ण केले. ते करताना जे विचारात घ्यावे लागले, ते तपशीलाने लिहून ठेवतो आहे, कारण या विषयावर बोलताना बहुतेकांचे लक्ष तार दिसेनाशी करण्याकडेच असते आणि ती कोणत्या मार्गाने जावी याचा विचार मागे पडतो.

प्रदर्शनात मांडण्यासाठी सजवलेल्या गाड्यांमध्ये, विशेषतः जुन्या होंडा सिव्हिकच्या चाहत्यांमध्ये, इंजिनाची जागा पूर्ण मोकळी दिसावी म्हणून सगळ्या तारा मडगार्डच्या आतून नेण्याची, फ्यूज बॉक्स डॅशबोर्डखाली आणि बॅटरी थेट डिकीत हलवण्याची पद्धत रूढ आहे. त्यामागचे कौशल्य मी मान्य करतो. परंतु जी गाडी जुलैमध्ये कसारा घाटातल्या पावसातून जाते, त्र्यंबकच्या रस्त्यावर साचलेल्या पाण्यातून वाट काढते आणि एप्रिल-मेच्या उन्हात दिवसभर उघड्यावर उभी राहते, तिच्या तारांचा मार्ग ऊन, पाणी आणि इंजिनाची थरथर यांच्याकडे पाहून ठरवावा आणि त्या मार्गात जेवढे लपेल तेवढेच लपवावे, असे माझे ठाम मत आहे.

कामाची सुरुवात बॅटरीची निगेटिव्ह तार काढण्यापासून करावी. निगेटिव्ह आधी काढण्याचे कारण साधे आहे. पॉझिटिव्हचा नट सोडवताना दहा नंबरचा पाना चुकून पत्र्याला टेकला, तर बॅटरीचा सगळा प्रवाह त्या पान्यातून वाहतो. निगेटिव्ह आधीच सुटलेली असेल, तर तो मार्गच पूर्ण होत नाही. जोडताना क्रम उलटा, म्हणजे निगेटिव्ह शेवटी. त्यानंतर काहीही कापण्याआधी प्रत्येक तारेला दोन्ही टोकांना क्रमांक द्यावा. पॅनेलमध्ये आम्ही प्रत्येक तारेच्या टोकाला क्रमांकाचे छोटे फेरूल (कडे) चढवतो आणि तोच क्रमांक ड्रॉइंगमध्ये असतो. हीच पद्धत मी गाडीत जशीच्या तशी आणली. मोबाइलवर काढलेली छायाचित्रे उपयोगी पडतात, पण छायाचित्रात दोन काळ्या तारा सारख्याच दिसतात. क्रमांक असला की शंका उरत नाही.

यानंतरचा भाग सर्वांत समाधानाचा आहे, तो म्हणजे निकामी तारा काढून टाकणे. जंजाळातला मोठा भाग नंतर जोडलेल्या आणि आता कुठेच न जाणाऱ्या तारांचा असतो. अशी प्रत्येक तार मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर (तार अखंड आहे का हे दाखवणाऱ्या सेटिंगवर) तपासत तिच्या उगमापर्यंत जावे, आणि जिथे मूळ तारेचे आवरण सोलून ती जोडलेली असेल तिथे मूळ तार नीट दुरुस्त करावी. माझ्या गाडीत अलार्मसाठी ओढलेल्या एका तारेचे टोक उघडे होते, तिच्यात बॅटरीचा प्रवाह कायम होता आणि मध्ये फ्यूज नव्हता. फ्यूज दिव्याला किंवा हॉर्नला वाचवण्यासाठी असतो असा अनेकांचा समज आहे. वास्तविक तो तारेला वाचवण्यासाठी असतो. बारीक तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली, तर बॅटरी तिच्यातून काही शे अँपिअर ढकलू शकते, आणि तार लाल होऊन पेटण्याआधी तो प्रवाह तोडणारी दुसरी कोणतीच वस्तू मध्ये नसते. म्हणून फ्यूजची जागा बॅटरीच्या जितकी जवळ तितकी चांगली. मडगार्डच्या आत दडवलेल्या तारेबाबत तर यात तडजोड नको, कारण तिथे चाललेली घासाघीस कोणाला दिसत नाही.

आता मार्गाविषयी. लपवलेली तार बहुधा लांबचा फेरा घेते, आणि तार जितकी लांब तितका तिच्यात व्होल्टेज अधिक खर्च होतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला साधारण १७.५ मिलिओहम असतो, म्हणजे १.२५ चौरस मिलिमीटरच्या तारेचा १४. पुढच्या दोन दिव्यांचे ५५ वॉटचे डिपर लावले की १२ व्होल्टला सुमारे ९ अँपिअर लागतात. हा सगळा प्रवाह बॅटरीकडून डॅशबोर्डच्या स्विचपर्यंत आणि तिथून परत पुढे असा ४ मीटर चालला, तर अर्धा व्होल्ट निव्वळ तारेतच जातो, आणि जुने कपलर (तारा जोडणारे प्लग), स्विचचे झिजलेले पॉइंट यांत त्याहून अधिक जाऊ शकतो. हॅलोजन दिव्याला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळाले की उजेड जवळपास तीस टक्क्यांनी घटतो. म्हणूनच दिव्यांच्या तारा लपवण्याच्या नादात लांबवणे मला पटत नव्हते, आणि त्याचे उत्तर रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच, बसवण्यात मिळाले. बॅटरीशेजारी दोन रिले लावले की जाड तारा बॅटरीपासून रिलेपर्यंत आणि रिलेपासून दिव्यांपर्यंत एवढ्याच, म्हणजे आखूड राहतात. डॅशबोर्डकडून येणाऱ्या जुन्या तारेला फक्त रिलेची कॉइल चालवायची असते आणि तिला एका अँपिअरचाही अंश पुरतो. ३० क्रमांकाच्या पिनवर फ्यूजमधून येणारा बॅटरीचा प्रवाह, ८७ वर दिव्याकडे जाणारी तार, ८५ आणि ८६ वर कॉइल, ही जोडणी कोणत्याही वाहनाच्या साध्या रिलेवर छापलेली असते. डाव्या आणि उजव्या दिव्याला मी वेगवेगळे फ्यूज दिले. एकच फ्यूज ठेवला असता तर काम अधिक सुटसुटीत दिसले असते, पण रात्री घाटात तो उडाला की दोन्ही दिवे एकदम जातात, आणि ही जोखीम दिसण्यासाठी घेण्यासारखी नाही.

सेल्फच्या जाड केबलला तर मार्ग बदलून हातही लावू नये. सेल्फ मारताना शंभर अँपिअर किंवा त्याहून अधिक प्रवाह वाहतो. १६ चौरस मिलिमीटरच्या केबललाही दर मीटरमागे ०.११ व्होल्टचा खर्च तेव्हा येतो. निफाडकडे थंडीत पारा जसा उतरतो, तशा पहाटे बॅटरी आधीच अशक्त झालेली असते, आणि तिच्याकडून मिळणारा प्रत्येक दशांश व्होल्ट सेल्फला हवा असतो. म्हणून ही केबल आखूड, सरळ आणि दिसेल अशीच राहू द्यावी. तिला स्वच्छ स्लीव्ह चढवली की ती शोभते.

पॅनेलमधल्या सवयी जिथे उपयोगी पडत नाहीत, तो मुद्दा इथे येतो. पॅनेल भिंतीशी स्थिर उभा असतो, तर गाडीचे इंजिन रबराच्या माउंटिंगवर सतत हलत असते. सेल्फ मारताना आणि गिअर टाकून क्लच सोडताना ते चक्क एका बाजूला कलते. त्यामुळे बॉडीवरून इंजिनावर जाणाऱ्या तारांचा गुच्छ ताणून बसवला, तर तो सुंदर दिसतो आणि काही महिन्यांत लगपाशी तुटतो. शेवटची क्लिप बॉडीवर, पहिली क्लिप इंजिनावर, आणि त्या दोहोंच्या मध्ये इंजिन दोन्हीकडे हलेल एवढी सैल कमान, ही रचना हवी. पॅनेलची पीव्हीसी तार आणि घरातल्या वायरिंगची तार ही दोन्ही सामान्यतः ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेली असते. इंजिनाजवळ तेवढे तापमान सहज ओलांडले जाते. शिवाय घरच्या तारेत तंतू थोडे आणि जाड असतात, जे थरथरीत लवकर तुटतात. वाहनांसाठीची तार अनेक बारीक तंतूंची आणि अधिक उष्णता सोसणाऱ्या आवरणाची असते. ती थोडी महाग पडते, पण घरी उरलेली पिवळी-हिरवी तार बॉनेटखाली वापरण्याचा मोह कोणालाही होऊ नये.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांपासून) गुच्छ शक्य तितका दूर न्यावा आणि जिथे दुसरा मार्गच नाही तिथे काचेच्या धाग्याची स्लीव्ह चढवावी. स्पार्क प्लगच्या जाड तारा इतर तारांच्या गुच्छात कधीही बांधू नयेत. त्यांच्यातला उच्च दाब शेजारच्या तारांत गडबड करतो, आणि त्या एकमेकींना चिकटल्या तर एका सिलिंडरची ठिणगी दुसऱ्यात जाण्याचा संभव असतो. त्या वेगळ्या, आपापल्या होल्डरमध्ये, अंतर राखून बसवल्या की मुळातच देखण्या दिसतात.

जोड देण्याच्या बाबतीत माझे मत अनेक जुन्या कारागिरांपेक्षा वेगळे आहे. डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून केलेला जोड पक्का, असे सर्रास मानले जाते. परंतु वितळलेले सोल्डर तंतूंमध्ये वर चढते आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. जिथे ताठ भाग संपून लवचिक भाग सुरू होतो, तिथेच थरथरीने तार तुटते. योग्य मापाच्या लगवर योग्य पक्कडीने क्रिम्प केलेला जोड, ज्यात लगचे पुढचे पंख तांब्याला आणि मागचे पंख आवरणाला धरतात, तो गाडीत अधिक टिकतो. त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह तापवून बसवली की पाणी आत शिरत नाही. तार वाढवायची असेल तर त्याच रंगाची आणि त्याच पट्ट्याची तार शोधावी, जाडी कमी करू नये आणि सगळे जोड एकाच ठिकाणी येऊ देऊ नयेत, नाहीतर गुच्छाला तिथे गाठ येते. मडगार्डच्या आतल्या भागात मी एकही जोड ठेवलेला नाही. चाकाने उडवलेले पाणी आणि चिखल नेमका तिथेच बसतो, म्हणून तिथून जाणारी तार अखंड असावी आणि चाकावरचे प्लास्टिकचे लायनर शाबूत असावे.

गुच्छ बांधायला दुकानात सगळ्यात आधी चकचकीत काळी पीव्हीसी टेप हातात दिली जाते. नाशिकच्या उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरतो, कडा सुटतात आणि हाताला लागणारा चिकट थर तारांवर राहतो, ज्यावर धूळ बसते. कारखान्यातल्या हार्नेसवर, म्हणजे तारांच्या गुच्छावर, दिसते तशी कापडी टेप वापरावी. ती थोडी शोधावी लागते, पण मिळते. तिच्यावर उभी चीर असलेला काळा कॉरुगेटेड पाइप चढवला, त्याची चीर खालच्या बाजूला ठेवली आणि सर्वांत खालच्या वळणावर पाणी निथळायला वाट ठेवली, की काम होते. फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून, तारा आत जातात तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारे कडे) हवेच, कारण पत्र्याची उघडी कड सुरीसारखे काम करते. ग्रोमेटच्या आधी गुच्छाला खाली झुकणारी एक झोळ ठेवावी, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळीच्या तळाशी टपकते आणि डॅशबोर्डखाली पोहोचत नाही. केबल टाय करकचून आवळू नयेत आणि त्यांची टोके सपाट कापावीत. तिरकी कापलेली टोके पुढच्या माणसाचा हात फाडतात.

अर्थिंगबाबत द्वारका परिसरातल्या एका वयस्क वायरमनने दिलेला सल्ला मी शब्दशः पाळला. ते म्हणाले, "भाऊ, बाकी काय झाकायचं ते झाका, पण अर्थिंग झाकू नका. पुढच्या माणसाला आधी तेच बघायचं असतं." गाडीतल्या जवळजवळ प्रत्येक उपकरणाचा परतीचा प्रवाह बॉडीतून येतो, आणि इंजिन रबरावर बसवलेले असल्याने इंजिन व बॉडी यांना जोडणारी वेणीची पट्टी अत्यावश्यक असते. ती सैल किंवा गंजलेली असेल, तर सेल्फचा प्रवाह परतीसाठी क्लच किंवा अॅक्सिलरेटरची केबल शोधतो आणि त्या केबल तापून जळतात. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून चकचकीत पत्रा काढावा, दातेरी वॉशर घालून नट घट्ट करावा आणि मग वरून ग्रीस लावावे. बॉडीला रंग देऊन इंजिनाची जागा सजवणारे अनेक जण अर्थिंगच्या जागाही रंगवून टाकतात, आणि पुढे दिवे मिणमिणू लागले की दोष बॅटरीला देतात.

उंदरांचा उल्लेख केल्याशिवाय नाशिकमध्ये हा विषय पूर्ण होत नाही. गंगापूर रोड, मखमलाबाद, पाथर्डी या भागांत घरांच्या शेजारी अजून शेती आणि मोकळे भूखंड आहेत. पाऊस सुरू झाला की उंदीर कोरडी आणि उबदार जागा शोधत बॉनेटखाली येतात. दडवलेल्या तारा हे त्यांच्यासाठी सोयीचे ठिकाण असते, कारण बंदिस्त पोकळीत त्यांना कोणी हटकत नाही. कॉरुगेटेड पाइप त्यांना रोखत नाही, फक्त थोडा उशीर लावतो. म्हणून पोकळ्यांच्या तोंडाशी मी बारीक छिद्रांची पोलादी जाळी बसवली, पाणी निथळण्याच्या वाटा मात्र मोकळ्या ठेवल्या. जाळीच्या कडा दुमडून तारांपासून दूर ठेवणे आवश्यक आहे.

नव्या गाड्यांच्या मालकांना एवढेच सांगेन की तुमच्या गाडीत यातले फार थोडे करण्यासारखे आहे. पिवळ्या आवरणातल्या किंवा पिवळ्या कपलरच्या तारा एअरबॅगच्या असतात. त्यांना मल्टिमीटरही लावू नये. एकमेकींभोवती पीळ दिलेल्या तारांच्या जोड्या संदेशवहनासाठी असतात आणि तो पीळ बाहेरचा विद्युत गोंधळ थोपवण्यासाठी मुद्दाम दिलेला असतो. सरळ करून त्या नीटनेटक्या करण्याचा प्रयत्न केला, तर इंजिनाचा दिवा लागून बसेल. ऑक्सिजन सेन्सरच्या तारांना सोल्डर करू नये, कारण अनेक सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा तारेच्या तंतूंमधूनच घेतात. हायब्रिड आणि विद्युत गाड्यांतल्या नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात, त्यांच्या जवळही जाऊ नये. वॉरंटीतल्या गाडीची तार कापली तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो, हेही लक्षात घ्यावे. अशा गाडीत सुटलेल्या क्लिपा परत बसवणे, निघालेला पाइप चढवणे आणि बाहेरून जोडलेल्या तारा काढून टाकणे, एवढ्यानेच बॉनेटखाली बरीच शिस्त येते.

काम संपल्यावर नुसते दिवे लागतात का हे पाहून थांबू नये. सगळे दिवे, पंखा आणि हॉर्न चालू ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह आणि दिव्याची अर्थिंग यांच्यामधला व्होल्टेज मोजावा, तो ०.१ व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग उत्तम आहे. बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि दिव्याची पिन यांच्यात तसेच मोजावे, म्हणजे रिले बसवण्याचा उपयोग आकड्यांत दिसतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला हवेत. मग इंजिन चालू ठेवूनच, पंखा आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवत, प्रत्येक गुच्छ हलवून पाहावा. एखादा दिवा लुकलुकला किंवा इंजिन अडखळले तर तो जोड पुन्हा उघडावा.

माझ्या गाडीचे नवे ड्रॉइंग मी क्रमांकांसह मोठ्या कागदावर काढले, लॅमिनेट केले आणि गाडीच्या कागदपत्रांबरोबर ठेवले. त्याची एक प्रत आमच्या नेहमीच्या वायरमनकडे दिली आहे. फ्यूज बॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला नव्या फ्यूजची क्षमता आणि काम लिहिलेली पट्टी चिकटवली आहे. बॉनेट उघडल्यावर आता इंजिन, बॅटरी, अर्थिंगच्या जागा, सेल्फची केबल आणि दोन रिले एवढेच नजरेत येते. बाकीच्या तारा मडगार्डच्या वरच्या घडीखालून आणि फायरवॉलच्या कडेने जातात आणि चार क्लिपा काढल्या की कोणताही गुच्छ हातात येतो. डॅशबोर्डच्या खाली अजून जुन्या म्युझिक सिस्टिमच्या तारा तशाच लोंबत आहेत. ते काम पावसाळ्यात, गाडी छपराखाली असताना करता येईल.